वादळाला नाव, आमच्या नावेला नंबरही नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर मालवण किनाऱ्याचा फोटो आला होता. होड्या वाळूवर लांब ओढून ठेवलेल्या आणि बनियनवरची दोन माणसं वाकून दोराला गाठ मारतायत. खाली ओळ होती, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर तो अंक फिरत फिरत माझ्या बाकड्यापर्यंत आला, तेवढ्यात एक जण म्हणाला, "बरं हाय बघ, आपल्याकडं समुद्र न्हाई." सगळे हसले. मी काही बोललो नाही. चहा गरम होता आणि उत्तर लांबलचक होतं. ते उत्तर आता लिहून पाठवतोय. जागा कमी पडली तर कात्री लावा, पण दोराचा मजकूर तेवढा राहू द्या.

मी चिकोडी तालुक्यातला नावाडी. कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते, त्या बाजूचा. घरात चार पिढ्या नाव आहे. आज्ज्याच्या काळात नावाड्याला रोख पैसे कोणी देत नव्हतं. सुगीला खळ्यावर पाटी घेऊन जायचं, जोंधळा घ्यायचा, आणि त्या बदल्यात गावातल्या कुणालाही वर्षभर पलीकडं न्यायचं. पुढं पूल झाले, बंधारे झाले. नावेला काम उरलं ते पलीकडच्या मळीतली, म्हणजे नदीकाठच्या रानातली, वैरण आणायचं, मोटारीचा फुटबॉल (पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप) अडकला तर काढून द्यायचं आणि थोडीफार मासळी. पावसाळ्यात मात्र कल्लोळ-येडूरचा बंधारा पाण्याखाली गेला की लोकांना पुन्हा आमची आठवण होते. वर्षातले पंधरा दिवस आम्ही देव, बाकीचे साडेअकरा महिने काठावरची अडगळ.

२००५ च्या पुरात आमची लाकडी नाव गेली. कशी गेली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जुलै संपत आला होता, पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. संध्याकाळी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाव काठावरच्या बाभळीला बांधली. नेहमीसारखी, आवळून, हातभर दोर ठेवून. धारेला लागली तर हाती यायची नाही ही भीती. नदीकाठच्या माणसाला धारेची भीती असते, चढणाऱ्या पाण्याची तेवढी नसते, कारण ते आवाज न करता चढतं. त्या रात्रीत पाणी पुरुषभर चढलं. दोर बुंध्याला खालीच बांधलेला. नाव वर जायला बघतेय आणि दोर तिचं तोंड खाली ओढतोय. पहाटे मी बॅटरी घेऊन गेलो तर नावेची शेपूट आभाळाकडं होती आणि तोंड पाण्यात, दाव्याचा फास बसलेल्या वासरासारखी. आप्पा कोयता घेऊन गळ्याएवढ्या पाण्यात शिरायला निघाले, आईनं मागनं धोतर धरून ठेवलं. दोर तोडावा तर नाव वाहून जाणार, न तोडावा तर भरून बुडणार, असं आम्ही काठावर बोलत उभे होतो. नऊच्या सुमाराला बाभूळच मुळासकट निघाली आणि नावेला घेऊन गेली. आप्पा नंतर लोकांना सांगायचे, "नदीनं न्हाई नेली माझी नाव. माझ्या गाठीनं नेली."

त्या काळात मी हंगामाला मालवणला एका ट्रॉलरवर खलाशी होतो. ऑगस्टला घाट उतरायचा, मेअखेर वर यायचं. जून-जुलै तिकडं मासेमारी बंद असते, आणि नेमकं तेव्हाच इकडं नदीला पाणी असतं, त्यामुळं दोन्ही ठिकाणचं पाणी मला बघायला मिळालं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. आमचा तांडेल, म्हणजे नौकेवरचा मुख्य माणूस, म्हातारा आणि भित्रा होता. आभाळ बघून त्यानं एक दिवस आधीच तोंड किनाऱ्याकडं वळवलं. बाकीचे खलाशी वाटेत कुरकुरत होते, मीही त्यात होतो. त्या वादळात सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या कितीतरी नौकांवर काय बेतलं हे तेव्हाच्या अंकांत आहे. मी आज पत्र लिहितोय ते त्या म्हाताऱ्याच्या भित्रेपणामुळं.

मालवणजवळ सर्जेकोटच्या खाडीत शिरल्यावर मला वाटलं, झालं, आता जेवून झोपायचं. खरं काम तिथून पुढं सुरू झालं. आधी जाळी उतरवून काठावरच्या शेडमध्ये नेली. मग बर्फाच्या पेट्या, शेगडी, गॅसचा सिलिंडर, जे जे सुटं होतं ते सगळं. वरची ताडपत्री सोडली. मी म्हटलं, पाऊस येणार आणि ही काढायची? मालक म्हणाला, पावसानं होडी बुडत नाही, वाऱ्याला हे शीड मिळालं तर बुडते. दोन्ही बाजूंना जुने टायर लोंबते सोडले. शेजारी दुसऱ्या एकानं नौका अगदी चिकटून लावली होती, तर मालकानं भांडून ती लांब न्यायला लावली. मोकळ्या समुद्रापेक्षा बंदरात शेजारच्या नौकेची धडक जास्त होड्या फोडते, हे मला तोवर माहीत नव्हतं. तोंडाकडून दोन नांगर टाकले, कैची उघडावी तसे फाकवून. आणि दोर जिथं लाकडावर घासणार होता तिथं गोणपाटाच्या चार-चार घड्या गुंडाळून सुतळीनं बांधल्या. दोर ताणानं कमी आणि घासून जास्त तुटतो. रात्रभर एकाच जागी करवतीसारखा चालला तर मनगटाएवढा दोरही सकाळपर्यंत राहत नाही.

मी माझ्या सवयीनं दोर आवळायला लागलो. तेव्हा मालक काठावरून ओरडला, "अरे घाट्या, दोरी ढिली सोड! पाणी वर येतला मगे होडी खंय जातली?" नांगराचा दोर खोलीच्या पाच-सात पट सोडायचा, हा त्यांचा हिशेब. मी दोर सोडत होतो आणि माझ्या डोळ्यासमोर आमची बाभूळ होती. चार वर्षं उशीर झाला होता.

सगळं आटोपल्यावर मालकानं सामान मोजलं नाही. "माणसां किती उतरली?" एवढंच दोनदा विचारलं, आणि आठही जणांना हाताला धरून मोजलं. एकालाही होडीवर झोपू दिलं नाही. होडी राखायला कोणीतरी वर राहावं अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, आणि तीच घात करते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका सुटून भरकटल्या आणि वर असलेल्या खलाशांचे जीव गेले. मी तेव्हा घरी होतो. ओळखीच्या तांडेलाला फोन लावला तर तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता टपरीवरच्या त्या गड्याचं उत्तर. आपल्याकडं समुद्र नाही हे खरं. पण समुद्रावर जे शिजतं ते वाढलं जातं आपल्या ताटात. मे-जूनचं वादळ किनाऱ्यानं वर सरकतं तेव्हा आपल्या वाट्याला दोन दिवसांचा वारा येतो. तौक्तेच्या वेळी आमच्या शेजाऱ्यानं पत्र्याची नाव डांबर लावायला कुशीवर उभी करून टेकवली होती. वाऱ्यानं ती आडवी पाडली, खालच्या दगडावर आपटून बूड चेपलं. नदीत तेव्हा गुडघाभरही पाणी नव्हतं. (मे महिन्यात आपण कोयनेचं पाणी सोडा म्हणून मागणी करतो, आणि ऑगस्टमध्ये तेच पाणी अडवा म्हणून. दोन्ही वेळा आपलं खरंच असतं.) पावसाळ्यातलं गणित वेगळं. तेव्हा वारा लांबच राहतो, पाणी मात्र दारात येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, इकडं घाटावर पाऊस कोसळत राहिला, आणि सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा महामार्गावर आली आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. कृष्णा उगम पावते तीच ही जागा. तो पाऊस कुठं जाणार होता?

समुद्रावरच्या वादळाला नाव मिळतं. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की यादीतलं पुढचं नाव द्यायचं, आणि ती यादी तेरा देशांनी मिळून केलेली आहे. तौक्ते हे नाव म्यानमारचं, तिकडच्या एका ओरडणाऱ्या पालीचं. बंदरावर बावटे लागतात, एकपासून अकरापर्यंत. एक-दोन नंबर म्हणजे वादळ लांब आहे, तीन-चार म्हणजे बंदराला त्रास होऊ शकतो, पाचपासून धोका, आठपासून मोठा धोका. अकरा नंबर म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. शाळेत न गेलेला खलाशीही तीन नंबर म्हटलं की जाळी उचलायला लागतो. त्याला किलोमीटर, मिलिबार काही सांगावं लागत नाही.

नदीवरही हे आहे, पण आमच्या हद्दीच्या अलीकडं येऊन थांबतं. कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. सांगलीला कृष्णेच्या आयर्विन पुलावर ४० आणि ४५. तिथल्या पोराबाळांना हे आकडे पाठ आहेत. आम्हाला काय मिळतं? मोबाइलवर एक मजकूर येतो, अमुक धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. सतर्क म्हणजे नक्की काय करायचं? जागं राहायचं? माझी नात पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला मी हे विचारलं. तिनं वहीत हिशेब करून दाखवला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरच्या थोडं वर. एक लाख क्युसेक दिवसभर चालू राहिलं तर साडेआठ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर पाणी जातं, आणि कोयना अख्खं भरलं तर १०५ टीएमसी. मी म्हटलं, "बाळ, हिशेब झ्याक हाय. आता ह्यातनं मला सांग, रात्री दोन वाजता पाणी घाटाच्या कितव्या पायरीला असंल?" ती म्हणाली, "आज्जा, ते ह्यात न्हाई."

म्हणून मी माझी एक पद्धत बसवली आहे. आपल्या अंकातले राजाराम बंधारा आणि आयर्विन पुलाचे आकडे रोज कॅलेंडरवर लिहून ठेवतो. राजाराम ३९ वर गेला की नाव घाटावरून हलवून देवळामागच्या चिंचेकडं नेतो. ४३ झाला की दोर बदलतो, घरातली भांडी माळ्यावर टाकतो आणि म्हशी बहिणीच्या गावाला. ही पद्धत बऱ्यापैकी चालते. पण दूधगंगा-वेदगंगेचं पाणी ह्या दोन्ही आकड्यांत येतच नाही. काळम्मावाडी आणि पाटगावच्या धरणांकडून येणारं ते पाणी सरळ आमच्या अंगावर येतं. ते मोजणारा पूल मला तरी कुणी दाखवला नाही. खालच्या अंगाला हिप्परगीचा बंधारा, आलमट्टीचं धरण. आलमट्टीचा फुगवटा कुठवर येतो ह्या वादात मी पडत नाही, तो दोन राज्यांचा आणि तज्ज्ञांचा. मला एवढंच दिसतं की काही दिवस पाणी पळत असतं आणि काही दिवस नुसतं उभं राहून फुगतं. पळत्या पाण्यात दोराला ताण असतो, माणूस जागा राहतो. उभ्या पाण्यात दोर ढिला पडतो आणि माणूस झोपतो.

सूचनेच्या भाषेचंही बोलून घेतो. गावच्या फलकावर पुराची सूचना लागते ती फक्त कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, बाजारहाट, भांडणतंटा सगळं कन्नडमध्ये होतं, अथणीकडच्या पाव्हण्यांशी मी कन्नडच बोलतो. पण शाळा सातवीपर्यंत मराठी झाली, कन्नड वाचता येत नाही. माझ्या वयाचे निम्मे गाववाले असेच. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो त्याच्या चालीनं चालू द्या. पण पाणी किती वाजता येणार हे कन्नडच्या खाली दोन ओळी मराठीत लिहायला कोर्टाची परवानगी कशाला लागते? कन्नडला कुणाचाच विरोध नाही. खाली जागा रिकामी असते, मी बघितली आहे.

२०१९ ला काय झालं ते सांगतो. तेव्हा माझ्याकडं हल्लीची पत्र्याची नाव होती, अठरा फुटी, वेल्डिंग करून घेतलेली. पाणी गावात शिरल्यावर पहिले दोन दिवस सरकारी बोट आली नव्हती. येणार कुठून, रस्तेच बंद. गावात एकूण तीन नावा. त्यातली एक आदल्या रात्रीच गेली, आखूड दोरानंच, जशी आमची २००५ ला गेली तशी. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांनी गुऱ्हाळातल्या काहिली काढल्या. गूळ आटवायची काहील पाण्यात सोडली की तरते खरी, पण तिला ना तोंड ना शेपूट, वल्हं मारलं की जागच्या जागी गरगर फिरते. तिच्यात दुधाची किटली घेऊन बसलेला माणूस बघून हसूही यायचं आणि पोटात गोळाही.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. बायका, लेकरं बुडाली. नावेत पेलण्यापेक्षा जास्त माणसं होती असं तेव्हा छापून आलं. आमच्यापर्यंत ती बातमी संध्याकाळी पोचली आणि त्या रात्री मी घरातला चुन्याचा डबा काढून नावेच्या बाहेरच्या अंगाला एक पांढरा पट्टा ओढला. पट्ट्याला पाणी लागलं की पुढचा माणूस काठावर. दुसऱ्या दिवशी एका घरातले अकरा जण उभे होते. मी आठ घेतले, पट्टा भिजला, थांबलो. मागं राहिलेली म्हातारी म्हणाली, "घर तोडतोस व्हय रे?" पुढच्या खेपेला तिला आणली तर वाटेत एक शब्द बोलली नाही. अजून देवळात भेटली की तोंड फिरवते. पट्टा आता चुन्याचा नाही, ऑइलपेंटचा आहे.

तिसऱ्या दिवशी एका सरकारी कार्यालयाची माणसं आली आणि नाव घेऊन गेली. वरून हुकूम आहे म्हणाले. मी नको म्हटलं नाही, नाव त्याच कामासाठी असते. फक्त म्हटलं, कागदावर दोन ओळी लिहून द्या. "आत्ता कागदाची वेळ आहे का?" असं उत्तर आलं. नाव पाच दिवसांनी परत आली. एक वल्हं मोडलेलं, दुसरं नाहीच, बाजूचा पत्रा कशाला तरी घासून फाटलेला. पूर ओसरल्यावर नुकसानीचे अर्ज भरून घेतले, घराचे, पिकाचे, जनावरांचे. मी नावेचा अर्ज दिला तर विचारलं, नावेचा नंबर काय? परवाना कुठं आहे? मी म्हटलं, चार पिढ्या नाव आहे, आजवर कुणी नंबर दिला नाही, कुठं मिळतो ते सांगा, आत्ता जातो. ते त्यांनाही माहीत नव्हतं. अर्ज अजून कुठल्या तरी फायलीत असेल. वेल्डिंगचे पैसे मी उसाच्या बिलातून दिले.

मालवणच्या होडीच्या तोंडावर आयएनडी एमएच असं लिहून पुढं लांबलचक नंबर रंगवलेला असतो. वादळानंतर त्यांनाही भरपाईसाठी खेटे घालावे लागतात, ते काही सुखात नाहीत. पण अर्जात भरायला नंबर तरी आहे. नातीनं फोनवर शोधून काढलं की देशांतर्गत नद्यांवरच्या नौकांसाठी संसदेनं २०२१ मध्ये नवा कायदा केला, आणि बिनइंजिनाच्या नावांची नोंद जिल्हा, तालुका, पंचायत अशा स्थानिक पातळीवर व्हावी अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे दिल्लीला आमची नाव माहीत झालेली आहे. ती गावापर्यंत यायची बाकी आहे. नोंद झाली की कोणत्या गावात किती नावा, कुणाच्या, किती माणसं पेलतात हे एका वहीत येईल. पाणी शिरायच्या आदल्या दिवशी त्या सगळ्यांना एक फोन जाऊ शकेल, "आज रात्री नावा वर घ्या." पहिल्या रात्री गावातली नाव वाचली तर दुसऱ्या दिवशी गावातली माणसं बाहेर निघतात. सरकारी बोट यायची ती येईलच. आणि नाव नेताना पावती, परत देताना बघून घेणं, एवढं तर मळणी यंत्र भाड्यानं नेणारासुद्धा करतो.

ह्या आठवड्यात मी काय करतोय तेही लिहितो, कारण आमच्यातल्या तरुण नावमालकांनाही हे कुणी सांगितलेलं नाही. नाव पालथी करून बूड खरवडलं, गंज घासला, दोन ठिकाणी टाके मारून घेतले. पालथी आहे तोवर तिच्यावर दोर आडवा टाकून दोन्ही बाजूंना मेखा ठोकल्यात, म्हणजे वारा खालून शिरून उचलणार नाही. लाकडी नाव भरली तरी तरंगत राहते, पत्र्याची भरली की तळाला जाते. म्हणून बसायच्या फळ्यांखाली खाद्यतेलाचे रिकामे कॅन, बुचं घट्ट लावून, जाळीनं आवळून बांधले. उपसायला दोन डबे, तेही दोरीनं नावेलाच बांधलेले, नाहीतर गरजेला नेमका डबाच आधी वाहून जातो. जुना दोर हातात पिळून बघितला. आतून पावडर पडायला लागली म्हणजे उन्हानं मेला, बाहेरून कितीही चांगला दिसो. निपाणीहून नवा नायलॉनचा आणला. तो किलोवर मिळतो, त्यामुळं माणूस नकळत कमी घेतो. मी साठ हात घेतला. दुकानदार म्हणाला, "मामा, एवढा कशाला? विहिरीला?" चिंचेला मात्र आवळून बांधायचा नाही. बुंध्याभोवती सैल कडं करायचं, म्हणजे पाणी चढेल तसं तेही वर सरकेल. फांद्यांपर्यंत पोचलं की उठून बदलायचं. घासेल तिथं गोणपाट. आणि रात्री नावेत झोपायचं नाही, नाव कितीही नवी असली तरी.

घाटावर फुटांच्या खुणा कोणी करील म्हणून मी वाट बघितली, आता बघणार नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता घाटावर आणि देवळाच्या मागच्या भिंतीवर पट्टे मारायचे ठरवलंय, एका फुटाला एक, खाली पहिल्या पायरीपासून. शेजारी राजाराम आणि आयर्विनचे आकडे लिहिणार, मराठीत, आणि शेजारच्या मास्तरांना सांगून कन्नडमध्येही. २०१९ ची खूण भिंतीवर अजून दिसते. २००५ ची आप्पांनी कोळशानं ओढली होती, ती मागच्या रंगकामात गेली, ती अंदाजानं मारावी लागेल. जुन्या लोकांना आठवत असेल तर त्यांनी येऊन सांगावं. पिवळा रंग माझ्याकडं आहे. येणाऱ्यानं ब्रश आणावा, आणि कुणाकडं उंच शिडी असली तर ती आणावी. आमची नऊ फुटी आहे, २०१९ ला पोचत नाही.

आपला,
एक नावाडी
(नाव आपल्याकडं कळवलं आहे. छापू नये, नावेच्या कागदाचं काम अजून अडकलेलं आहे.)
ता. चिकोडी, जि. बेळगाव